आधी लेडीज संडासाला कडी लावा, मग प्रेक्षक मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइल आणि ओटीटीमुळे गावोगावच्या टॉकीज ओस पडल्या, असं टॉकीजमालकांचं म्हणणं आपल्या अंकात वाचलं. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिवणकामाचं दुकान चालवते आणि महिला बचत गटाचं काम बघते. पिक्चरची आवड मला लहानपणापासून आहे, आजही आहे. म्हणून सांगते, आमच्या गावात तरी मोबाइल नंतर आला. बायका त्याच्या आधीच टॉकीजमधून उठल्या होत्या. आणि बाई उठली की तिच्यामागं लेकरं उठतात, सासू उठते, शेवटी नवराही घरीच बसतो.

बायका का उठल्या, हे कोणी विचारलं नाही. ही गोष्ट चारचौघांत बोलायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून आम्हीही सांगितली नाही. आज लिहिते.

आमच्या टॉकीजचा लेडीज संडास इमारतीच्या मागं, सायकल स्टँडच्या पलीकडे आहे. दाराला आतून कडी नाही. कडीच्या भोकातून सुतळी ओवलेली आहे, ती आत बसून एका हातानं ओढून धरायची. बल्ब नाही, म्हणून दुसऱ्या हातात मोबाइलचा टॉर्च. कडेवर लेकरू असेल त्या बाईनं काय करायचं? नळाला तोटी आहे, पाणी नसतं. स्टँडवर पोट्टे उभे असतात, तेव्हा एकीनं दाराबाहेर राखणीला उभं राहायचं आणि दुसरीनं आत जायचं. इंटरव्हल दहा मिनिटांचा. रांगेतल्या निम्म्या बायका तशाच परत येऊन खुर्चीत बसतात. माझ्या दुकानात शिवायला येणाऱ्या मुली पिक्चरचा बेत ठरला की दुपारपासून पाणी पीत नसत. पाळीच्या दिवसांत तर जायचा प्रश्नच नाही. पोट आवळून तीन तास बसलेल्या माणसाला पडद्यावर काय चाललंय त्याच्याशी काय घेणं असणार!

हॉलमधली गत फार वेगळी नाही. खुर्च्यांखाली खर्र्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) पन्न्यांचा खच, कोपऱ्यांतल्या भिंती कमरेपर्यंत लाल. रेक्झिन फाटलेलं, आतला काथ्या टोचतो. ढेकणांमुळं घरी आल्यावर साडी आधी अंगणात झटकायची आणि मगच आत न्यायची, हा आमच्याकडच्या सगळ्या बायकांचा नियम होता. बाल्कनीच्या पायऱ्यांवर दिवा नाही. माझ्या सासूबाईंचा तिथं पाय मुरगळला, त्या दिवसानंतर त्या पुन्हा आल्या नाहीत. लाइट गेली तर जनरेटर आहे, पण हॉलमध्ये डोकी कमी दिसली की डिझेल जाळायचं नाही असं ठरलेलं. मग अंधारात बसून वाट बघायची.

आता पडद्याचं. माझा भाचा प्रोजेक्टर दुरुस्तीची कामं करतो. मागं घरी आला होता तेव्हा त्याला मुद्दाम घेऊन गेले, कारण रात्रीचे सीन मला दिसतच नव्हते आणि डोळे तपासून आले तर नंबर तोच निघाला. त्यानं सांगितलं की पडद्याच्या मधोमध १४ फूट-लँबर्ट (हे पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) उजेड पडला पाहिजे, असं डिजिटल सिनेमाचं ठरलेलं माप आहे. प्रोजेक्टरमधल्या झेनॉन दिव्याला तासांचं आयुष्य असतं. ते संपत येतं तसा उजेड उतरत जातो, आणि दिवा महाग म्हणून मालक तो पुरता मरेपर्यंत ओढतात. त्यात प्रोजेक्शन खोलीच्या ज्या काचेतून उजेड बाहेर येतो, तिच्यावर बोटभर धूळ. भाच्यानं ऑपरेटरला विचारून ती ओल्या फडक्यानं पुसली. इंटरव्हलनंतर नटांचे चेहरे दिसायला लागले, आणि मागच्या रांगेतल्या कोणीतरी शिट्टी मारली. काच पुसायला पैसे लागले नव्हते, हे मालकांनी लक्षात घ्यावं. आवाजाबद्दल एवढंच लिहिते की संवाद पंख्यांच्या घरघरीत बुडतात आणि पावसाळ्यात पत्र्यावरच्या सरींत.

याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण पूर्वी अडचण वेगळी होती. अमरावती ही विदर्भाची पिक्चरची पेठ. रिळांच्या पेट्या तिथून फिरत फिरत आमच्याकडे पोचेपर्यंत महिने उलटायचे, आणि प्रिंट इतकी घासलेली असायची की पडद्यावर सतत पाऊस पडल्यासारख्या रेघा. तरी लेडीजची वेगळी खिडकी होती, लेडीजच्या दारावर बाई डोअरकीपर होती, आणि रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला की आयाबाया घोळक्यानं जायच्या. आता डिजिटलमुळे मुंबईत शुक्रवारी लागलेला पिक्चर त्याच शुक्रवारी आमच्या गावात लागू शकतो. जी गोष्ट आमच्या हातात नव्हती ती सुटली, आणि जी मालकांच्या हातातली होती ती बिघडली. लेडीजच्या दारावरची बाई कधी काढली ते कोणाला कळलंही नाही.

मालकांची बाजू मला दिसत नाही असं नाही. कोरोनात २०२० च्या मार्चमध्ये टॉकीज बंद झाल्या, नोव्हेंबरात अर्ध्या खुर्च्यांवर उघडल्या, पुढच्या वर्षी पुन्हा बंद, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरू. तेवढा काळ कमाई शून्य. मीही दुकानात ब्लाउजऐवजी मास्क शिवून दिवस काढले. पण टॉकीज उघडली तेव्हा सुतळी तीच होती. आणि तोवर घरोघरी टीव्हीवर, मोबाइलवर पिक्चर बघायची सवय पडली होती. घरी स्वतःचा संडास, स्वतःचा पंखा, म्हातारीला बाजेवर आडवं होऊन बघता येतं. लोकांनी घर निवडलं यात त्यांचं काय चुकलं? मलाही दुकानात शिलाई मशीनला मोबाइल टेकवून बघावं लागतं. बघते, पण शंभर बायका एकदम हसतात तेव्हा जो आनंद असतो तो त्या चार बोटांच्या पडद्यावर नाही. घरात तर प्रत्येक जण आपल्या कोपऱ्यात आपला पिक्चर बघतो.

लोक पैसे खर्च करायला तयार नाहीत, हे म्हणणंही मला मान्य नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा आमच्या गटातल्या बायकांनी ठरवून नागपूर गाठलं. शंभरावर किलोमीटर, सकाळच्या गाडीनं जायचं, दुपारचा शो बघायचा आणि शेवटच्या गाडीनं परत. मल्टिप्लेक्सचं तिकीट आमच्या टॉकीजच्या कितीतरी पट, मक्याच्या लाह्यांचा भाव ऐकून तर आम्ही घरून नेलेल्या चिवड्यावरच भागवलं. एकीनंही कुरकुर केली नाही. परतीच्या गाडीत पिक्चरच्या गोष्टीच्या आधी गोष्ट निघाली ती संडासाची: कडी होती, पाणी होतं, आरसा होता. आमच्यातली एक रोजीनं धान कापायला जाणारी बाई म्हणाली, "असं असंन त मी महिन्यातून एकदा येईन." हे गिऱ्हाईक आमच्या गावातल्या मालकांनी घालवलंय.

आणि आमचा तर झाडीपट्टीचा, पूर्व विदर्भातला धानाचा आणि नाटकांचा मुलूख! दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू झाल्या की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. रात्री उशिरा पडदा उघडतो तो पहाटेच उतरतो, आणि लोक थंडीत घोंगडी पांघरून, तिकीट काढून रात्रभर बसतात. हातातला मोबाइल त्यांच्याकडेही आहे. कोणी म्हणेल, तिथं तरी कुठं संडास असतो? नसतो. पण त्या दिवशी गावातलं प्रत्येक घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, बाई उठून ओळखीच्या अंगणात जाऊन येते, सोबत चार जणी असतात. तिची सोय माणसांनी केलेली असते. टॉकीजमध्ये ती कोणीच केलेली नाही.

आता सरकारच्या वाट्याचं. टॉकीजचा परवाना १९६६ च्या सिनेमा नियमनाच्या नियमांखाली जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो. इमारत, आगीपासून बचाव, स्वच्छता हे सगळं त्यात बघायचं असतं. करमणूक कर होता तोवर निदान तिकिटांचा हिशेब बघायला निरीक्षक यायचे. २०१७ मध्ये तो कर जीएसटीत गेला आणि आमच्या टॉकीजच्या पायरीवर सरकारी माणूस दिसायचा बंद झाला. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर तेव्हा १८ टक्के जीएसटी होता, २०१९ मध्ये १२ झाला, सप्टेंबर २०२५ पासून ५ आहे. आमच्याकडे बाल्कनीही शंभराच्या आतच आहे. कर उतरला तरी तिकीट उतरलं नाही. ते उतरवा असं मी म्हणतही नाही. त्यातला उरलेला पैसा कडी, बल्ब, पाण्याची टाकी आणि प्रोजेक्टरच्या दिव्याला लावा. आणि परवान्याचं नूतनीकरण करताना जिल्हाधिकारी कार्यालयानं एखाद्या महिला अधिकाऱ्याला शो चालू असताना, इंटरव्हलमध्ये, लेडीज संडासात पाठवावं. दिवसा रिकामी इमारत बघून काही कळत नाही.

आमच्या गटानं टॉकीजमालकांना लेखी कळवलं आहे. हॉलची आणि लेडीज संडासाची सफाई आम्ही ठरलेल्या मजुरीवर करू, लेडीजच्या दारावर आमची एक बाई उभी राहील, इंटरव्हलला चहा-भजीचं दुकानही चालवू. कडी, दिवा आणि पाणी एवढं मालकांनी करावं. ते झालं तर पहिल्या शुक्रवारची लेडीजची तिकिटं गटातल्या बायका आगाऊ पैसे भरून घेतील, हेही लिहून दिलं आहे. पत्र दिवाळीआधी दिलं, त्याची पोच माझ्याकडे आहे. उत्तर अजून आलेलं नाही. मालक आपला पेपर वाचतात हे मला माहीत आहे, म्हणून हे इथं लिहिलं.

आपली,
एक वाचक व बचत गट कार्यकर्ती,
जि. चंद्रपूर