मोडी ही गुप्तलिपी नव्हती

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मोडीविषयी जो लेख आला, त्यात ‘पत्र शत्रूच्या हाती पडले तरी त्याला वाचता येऊ नये, म्हणून मराठ्यांनी मोडी ही गुप्तलिपी वापरली’ असे विधान आहे. आमच्या ग्वाल्हेरात, विशेषतः लष्कर या भागातील ज्या घरांच्या माळ्यावर अजून जुने कागद रुमालात बांधून ठेवलेले आहेत तेथे, हेच वाक्य मी पन्नास वर्षे ऐकत आलो आहे. वडिलांनी मला मोडी शिकवली आणि पोटासाठी मी गणित शिकवले, त्यामुळे या दोन्ही बाजूंनी मला त्यावर थोडे लिहावेसे वाटते.

मोडी ही भरभर लिहिण्याची लिपी आहे. आधी ओळ आखून घ्यायची, मग बोरू शक्यतो न उचलता अक्षराला अक्षर जोडत जायचे, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ घालायचा नाही. हे सारे कारकुनाच्या हाताचा वेग वाढावा म्हणून होते. गावोगावचे कुलकर्णी, सावकारांचे गुमास्ते, देवस्थानांचे हिशेबनीस ती रोज लिहीत होते. पुणे दरबारी १७८६ पासून इंग्रजांचा वकील म्हणून राहिलेल्या चार्ल्स मॅलेटच्या पदरी मुनशी होतेच, आणि इंग्रजांशी होणारा दरबारी पत्रव्यवहार तर बहुतांशी फारसीत चाले. पुढे १८१० मध्ये विल्यम कॅरी या मिशनऱ्यांनी बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठीचा कोश काढला, तो मोडी खिळ्यांत छापून. ज्या लिपीत परका माणूस कोश छापतो, तिच्यात गुपित ते काय उरले? आज आपल्याला ती वाचता येत नाही, हा दोष आपला आहे, लिहिणाऱ्याचा हेतू नव्हे.

अठराव्या शतकातली खरी गुप्तलिपी कशी असे, हे पाहायचे तर त्याच काळातल्या युरोपकडे आणि अमेरिकेकडे पाहावे लागते. तेथील दरबार आपल्या वकिलांना आकड्यांची कोष्टके देत. राजाला एक आकडा, सेनापतीला दुसरा, शहरांना आणि नेहमीच्या शब्दांना वेगळे, उरलेल्या मजकुरासाठी शब्दांच्या तुकड्यांचे आकडे, आणि वाचणाऱ्याला चकवण्यासाठी अर्थ नसलेले काही आकडे मधूनच पेरलेले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात बेंजामिन टॉलमॅज याने वॉशिंग्टनच्या हेरांसाठी केलेल्या कोष्टकात ७६३ आकडे होते; त्यात स्वतः वॉशिंग्टन ७११ आणि न्यूयॉर्क ७२७. फितूर झालेला बेनेडिक्ट आर्नल्ड ठरलेल्या एका छापील पुस्तकातले पान, ओळ आणि शब्द यांचे आकडे लिहून इंग्रजांशी बोलत असे. ते पुस्तक कोणते, हे ठाऊक नसणाऱ्याला त्या पत्राचा काहीच उपयोग नाही.

याच्या उलट, एका अक्षराऐवजी नेहमी एकच खूण लिहिण्याची सोपी रीत फार टिकत नाही, हेही त्याच युद्धात दिसले. बेंजामिन चर्च या वैद्याचे असे पत्र १७७५ मध्ये पकडले गेले आणि ते वॉशिंग्टनच्या बाजूच्या लोकांनी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सोडवले. त्यांतला एक तर धर्मोपदेशक होता. कोणती खूण किती वेळा येते हे मोजायचे आणि भाषेत जे अक्षर सर्वांत जास्त येते ते तिच्या जागी घालून पाहायचे, एवढेच त्याचे मर्म. (मराठी मजकूर असता तर कान्यांची गर्दी पाहूनच मी सुरुवात केली असती.) सप्टेंबर १७८१ मध्ये अमेरिकन काँग्रेसचा सदस्य जेम्स लव्हेल याने इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या पकडलेल्या पत्रांची किल्ली शोधून वॉशिंग्टनकडे पाठवली. पुढल्याच महिन्यात कॉर्नवॉलिसचे ठाणे यॉर्कटाउन पडले, आणि हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास आला. इकडे आमच्या परिसरात मराठे आणि इंग्रज यांच्यात सालबाईचा तह झाला तो या दोहोंच्या मध्ये, १७ मे १७८२ रोजी.

पत्रे फोडण्याचे काम तर तिकडे कायमच्या खात्यांकडे असे. इंग्लंडात एडवर्ड विल्स १७१६ पासून हे काम करू लागला, बिशप झाल्यावरही ते त्याने सोडले नाही आणि पुढे मुलांनाही त्याच कामाला लावले. व्हिएन्नात परदेशी वकिलातींच्या टपालाच्या थैल्या सकाळी ७ वाजता कचेरीत येत. मेणबत्तीवर लाखेची मोहोर सैल करून पत्रे काढली जात, नकला होत, आणि साडेनऊपर्यंत सारे टपाल पुन्हा जसेच्या तसे बंद होऊन वाटेला लागे.

आपल्याकडे असे खाते उभारल्याचे दिसत नाही, म्हणून आपली माणसे भोळी होती असे मात्र नव्हे. गुप्ततेचा भार कागदावर न टाकता माणसावर टाकलेला असे. नाजूक मजकूर पुष्कळदा पत्रात येत नसे; विश्वासू जासूद ‘मुखवचने’ सांगेल, एवढेच लिहिलेले असे. मराठीत अस्सल गुप्तलिपी पाहायची तर ती महानुभावांची सकळ लिपी. पण ती पंथाच्या ग्रंथांसाठी होती, स्वारीसाठी नव्हे, आणि तिचा उलगडा इतिहासकार राजवाड्यांनी केला.

लेखात पानिपताचा दाखला दिला आहे, तोही मला तपासून पाहावासा वाटतो. ‘दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. पण ग्रँट डफच्या नोंदीप्रमाणे ते पेशव्यांना लिहिलेले नव्हतेच. सावकारांचा कासद ते औरंगाबादेकडे नेत होता आणि नानासाहेबांनी वाटेत ते फोडून वाचले. ते सांकेतिक बोलणे होते, गुप्तलिपी नव्हे. त्याला कोष्टक लागत नव्हते. मोती कोण, हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असले की पुरे. नानासाहेबांना ते ठाऊक होते.

शेवटी एक दुरुस्ती. लेखासोबत ‘रणांगणावरील गुप्त खलिता’ म्हणून जे छायाचित्र छापले आहे, ते मी भिंगाखाली धरून वाचले. ती घोड्यांच्या चंदीची आणि वैरणीची यादी आहे. तळाशी बेरीज आहे; ती ताडून पाहिली, बरोबर आहे.

आपला,
एक जुना वाचक
लष्कर, ग्वाल्हेर