नील्स, तुझ्या शनिवार-रविवारसाठी थँक्यू

प्रिय नील्स,

तुला मराठी येत नाही आणि हे पत्र तुझ्यापर्यंत पोचेल असंही नाही, तरी मराठीतच लिहितेय. एकतर जे सांगायचंय ते मला माझ्या भाषेतच नीट सांगता येईल आणि दुसरं म्हणजे पहाटे साडेचारला पोरांना स्कूटरवर बसवून ग्राउंडवर नेणाऱ्या आपल्याकडच्या आईबापांनी हे वाचावं असं फार वाटतं. (त्यांच्यासाठी सांगते, हा नील्स म्हणजे नील्स व्हान डर पूल, स्वीडनचा स्पीड स्केटर, बर्फाच्या ट्रॅकवर स्केट्स घालून रेस करणारा.) तुला अरेतुरे करतेय, पण तुमच्या स्वीडनमध्ये सगळे सगळ्यांशी तसंच बोलतात, त्यामुळे तुला काही वाटणार नाही.

मंगळवारी संध्याकाळी लेकीला आणायला ग्राउंडवर गेले होते. ती आता १९ ची आहे, इथे गोथेनबर्गमध्ये एका क्लबात आठवड्यातून एकदा लहान मुलांना पळायला शिकवते. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी रडवेली होऊन तिच्याकडे आली, पाय दुखतोय म्हणाली. लेक तिच्यासमोर खाली बसली, बुटाची लेस सोडली, घोट्यावरून हात फिरवला आणि स्वतःचं जॅकेट काढून तिच्या खांद्यावर टाकलं. "आज बस. पुढच्या वेळी पळू." एवढंच म्हणाली. मी कुंपणाबाहेर उभी होते, मला रडूच फुटलं.

कारण मी याच्या बरोब्बर उलटं बघितलंय. पुण्यात ती बारा वर्षांची असताना १५०० मीटर पळायची, छान पळायची. तिचे जे सर होते त्यांच्याकडे आठवड्याचे सातही दिवस प्रॅक्टिस, दिवाळीत पण, ताप असला तरी. सुट्टी मागितली की सगळ्यांसमोर ऐकवायचे, "सुट्टी हवी असेल त्यांनी घरी बसून भांडी घासावीत." नडगी दुखते दुखते म्हणून ती दोन महिने सांगत होती, सर म्हणाले नाटकं आहेत. आणि मी? मी तिला हळद लावून दिली, क्रेप बँडेज बांधलं आणि परत पाठवली, कारण जिल्ह्याची स्पर्धा जवळ आली होती. शेवटी एमआरआय काढला तर हाडाला बारीक चीर. डॉक्टर माझ्याकडे नुसते बघत राहिले. सरांचा त्यानंतर एक फोन नाही. विचारपूस नाही, सॉरी तर लांबच. पोरीने बूट माळ्यावर टाकले ते टाकलेच.

आम्ही इथे आलो तेव्हा ती पंधराची होती. शाळेत पीटीच्या तासाला सुद्धा काहीतरी कारण काढून बसून राहायची.

मग आलं २०२२ चं बीजिंगचं हिवाळी ऑलिम्पिक. खरं सांगते, तोपर्यंत मला स्पीड स्केटिंग म्हणजे काय हे धड माहीत नव्हतं. आधी रविवारी तुझी ५००० मीटरची रेस, त्यात नेदरलँड्सचा पॅट्रिक रूस्ट आधीच ६:०९.३१ लावून बसलेला, तू बराच वेळ त्याच्या टायमिंगच्या मागे होतास आणि शेवटी ६:०८.८४. अर्ध्या सेकंदाहूनही कमी फरक! ऑफिसात दुसऱ्या दिवशी दुसरा विषयच नव्हता, १९८८ च्या टोमास गुस्ताफसननंतर स्वीडनला स्पीड स्केटिंगमध्ये पहिलं गोल्ड. आणि मग ११ फेब्रुवारीला १०,००० मीटर. ४०० मीटरच्या २५ फेऱ्या, आणि तू प्रत्येक फेरी तीस सेकंदांच्या आसपास, घड्याळ लावल्यासारखी, दोन्ही हात पाठीवर, चेहऱ्यावर काही नाही. १२:३०.७४, वर्ल्ड रेकॉर्ड, तोही स्वतःचाच मोडलास. दुसरा आला तो जवळजवळ १४ सेकंद मागे. लेक हे सगळं शाळेतून ऐकून आली होती. घरी आल्यावर फोनवर ती रेस तिने परत बघितली, काही बोलली नाही, पण पूर्ण बघितली, साडेबारा मिनिटं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तू ते केलंस ज्याच्यासाठी हे पत्र आहे. तू तुझं सगळं ट्रेनिंग लिहून इंटरनेटवर टाकलंस, फुकट, कोणीही वाचावं म्हणून. साठेक पानं. किती तास सायकल मारलीस, कुठल्या महिन्यात काय केलंस, सगळं. आपल्याकडे आजी पुरणाचं प्रमाण सुनेला सांगत नाही आणि इथे वर्ल्ड रेकॉर्डवाला माणूस घ्या म्हणतोय, आणि माझा रेकॉर्ड मोडा म्हणतोय! (आणि मोडलाच की. बीजिंगला तुझ्या शेजारी ब्राँझ घेऊन उभा होता तो इटलीचा दाविदे गिओत्तो, त्याने २०२५ मध्ये कॅलगरीला १२:२५.६९ केलं.)

मी ते रात्री जेवणं झाल्यावर ओट्याशी उभी राहून फोनवर वाचत होते, आणि वाचता वाचता एका जागी थांबले. पाच दिवस ट्रेनिंग, दोन दिवस सुट्टी. दर आठवड्याला. तिथे एका ओळीत सोमवार ते शुक्रवार ढोरमेहनत, उन्हाळ्यात तर आठवड्याला तीस तासांच्या वर सायकल, आणि शनिवार-रविवार काही नाही. मित्रांबरोबर राहायचं, बाकीच्या माणसांसारखं जगायचं. खेळात एखादा दिवस वाईट गेला तर आयुष्यात दुसरंही काहीतरी असावं म्हणून, असं काहीसं तू लिहिलं होतंस. मी ते चार वेळा वाचलं. लांब पल्ल्याचा वर्ल्ड रेकॉर्डवाला माणूस शनिवारी सुट्टी घेतो, आणि माझ्या बारा वर्षांच्या पोरीला चीर गेलेल्या हाडावर रविवारी पळवलं होतं.

लेकीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "आई, खरंच? दोन दिवस?" मी म्हटलं, तूच वाच. तिने वाचलं, आणि मला म्हणाली की हा माणूस २०१८ च्या ऑलिम्पिकमध्ये चौदावा आला होता आणि नंतर स्केटिंग सोडूनच गेला होता, आर्मीत गेला, जंगलातून तासन्‌तास पळत बसला, विमानातून उड्या मारल्या, मग परत आला. हे तिने कधी शोधून काढलं होतं कोण जाणे. "म्हणजे सोडून परत येता येतं," असं म्हणाली आणि खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर वहीचा एक कागद मॅग्नेटने लावलेला. पेन्सिलने आखलेले सात चौकोन. सोमवार, २० मिनिटं. मंगळवार, २० मिनिटं. असं शुक्रवारपर्यंत. शनिवारच्या चौकोनात लिहिलं होतं "काही नाही" आणि रविवारच्या चौकोनात परत "काही नाही", आणि त्या दोन्हींच्या खाली तिने दोन-दोन रेघा मारल्या होत्या. पुण्याहून आणलेल्या बुटांत पाय मावत नव्हता, नवे घेतले.

पहिल्या शनिवारी काय झालं माहितीये? सवयीने पहाटे पाचला माझे डोळे उघडले, तिच्या खोलीत डोकावले तर ती पण अंथरुणात उठून बसलेली, अंधारात, जुन्या सवयीने. मी म्हटलं झोप गं. ती म्हणाली, "झोपू ना नक्की?" तिने मला विचारलं की झोपू का! तो प्रश्न अजून माझ्या घशात अडकलाय. मग अकरा वाजेपर्यंत झोपली. उठल्यावर कांदेपोहे केले, दोन वेळा घेतले तिने.

आमच्याकडे हे असं सांगणारे कोणी भेटले नाहीत रे. फी घेणारे भेटले, सर्टिफिकेटवर सही करणारे भेटले, मेडल आल्यावर फोटोत पुढे उभे राहणारे भेटले. आणि ज्याला आम्ही कोण हे माहीतही नाही, ज्याला आमच्याकडून एक छदाम मिळायचा नव्हता, तो सांगून गेला.

तू १०,००० मीटरचं ते गोल्ड मेडल काय केलंस तेही वाचलं होतं. त्याच महिन्यात केंब्रिजला जाऊन अँजेला ग्वेईच्या हातात दिलंस, जिचे वडील, ग्वेई मिन्हाई, पुस्तकं छापणारे विकणारे, स्वीडिश नागरिक, चीनच्या तुरुंगात दहा वर्षांची शिक्षा भोगतायत. लोक त्याबद्दल खूप बोलले, बोलावंच, ज्या देशात मेडल मिळालं त्याच्याच तुरुंगातल्या माणसासाठी ते देऊन टाकायला काळीज लागतं. पण मला तो आणि हा माणूस वेगळा वाटतच नाही. साठ पानं देणारा आणि मेडल देणारा एकच. आपल्याजवळ आहे ते मुठीत धरून न बसणारी माणसं असतात, माझे आजोबा तसे होते, दुष्काळात आमच्या विहिरीवर सगळ्या आळीचे हंडे लागायचे आणि आजोबांनी एकदाही कुणाला रहाट थांबवायला सांगितला नाही. त्या माणसांना आपण केवढं काय केलंय याचा पत्ताच नसतो. म्हणून सांगतेय.

माझी लेक काही चॅम्पियन झाली नाही आणि होणारही नाही, तिला व्हायचंही नाही. ती पळते. हिवाळ्यात रुडालनच्या बर्फाच्या ट्रॅकवर जाते, स्केटिंग अजून वाकडंतिकडंच आहे, पण हात मात्र तुझ्यासारखे पाठीवर. आणि मंगळवारी एका रडणाऱ्या पोरीची लेस सोडते.

फ्रिजवरचा तो कागद अजून आहे, पेन्सिल पुसट झालीये, शनिवार-रविवारच्या रेघा तेवढ्या दिसतात.

ट्रोलहेट्टानला तुझ्या घरच्यांकडे येशील तेव्हा आमच्याकडेही ये, ट्रेनने फार लांब नाही. पोहे करीन. शनिवारीच ये, पण अकरानंतर, त्याआधी आमच्याकडे कोणी उठत नाही.

तुझी,
एका पळणाऱ्या मुलीची आई