किती फुटांना कोणी हलायचे, हे आधीच ठरवा

महोदय,

पावसाळ्यात सांगलीत दिवस उजाडतो तो 'आयर्विनला किती फूट?' या प्रश्नाने, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे. उत्तर मोबाइलवर मिळते, कोयना धरणातून किती क्युसेक पाणी सोडले तेही कळते. त्या आकड्यावरून आपल्या गल्लीने घर सोडायचे की थांबायचे, हे मात्र कोणी सांगत नाही.

आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. शहरातल्या सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या सखल भागांत तर ४० फुटांच्या आतच पाणी शिरते. त्या लोकांना इशारा पातळीचा काय उपयोग? हवामानाचा रंगीत इशाराही जिल्ह्याला मिळून एकच. धो धो पावसाचा शिराळा तालुका आणि कायम तहानलेला जत तालुका त्यात एकाच रंगाचे होतात. शिवाय आमचा पूर बराचसा वरच्या पावसाचा. महाबळेश्वर, नवजा, कोयनानगरला कोसळतो आणि इथे उघडीप असतानाही नदी चढत राहते. खाली हरिपूरला वारणा मिळते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. त्या दोघी तुडुंब असल्या की कृष्णेला फुगवटा येतो, म्हणजे तिचे पाणी पुढे न सरता मागे तुंबते. म्हणून नुसता विसर्ग जाहीर करून भागत नाही. 'उद्या सकाळी आठला आयर्विनला अंदाजे इतके फूट, दोनेक फूट कमी-जास्त' असे लोकांना स्पष्ट सांगायला हवे. गणपती पेठेतल्या दुकानदाराला पोती पोटमाळ्यावर चढवायला तेवढा अवधी पुरतो.

पण अंदाज अचूक झाला तरी निर्णय अडतोच. २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेले. ब्रह्मनाळला पाण्याने वेढलेल्या गावातून बाहेर पडताना नाव उलटली आणि माणसे गेली. ती आठवण इथे कोणी विसरलेले नाही. कोरड्या रस्त्याने ट्रॅक्टरमधून निघता येते तेव्हाच गाव हलले पाहिजे. त्यासाठी किती फुटांच्या अंदाजाला कोणती गल्ली रिकामी करायची, कोणता रस्ता बंद करायचा, याचा तक्ता मे महिन्यातच चावडीवर आणि वॉर्डात लागावा. तो आकडा आला की तलाठी, ग्रामसेवक किंवा वॉर्ड अधिकाऱ्याने वरच्या आदेशाची वाट न पाहता काम सुरू करावे. आणि पाणी आलेच नाही, तर त्याला कोणी धारेवर धरू नये. आपण वाचकांनीही नाही, वर्तमानपत्रांनीही नाही. ती भीती असेल, तर प्रत्येक जण शेवटच्या फुटापर्यंत थांबणार.

जनावरांचे उत्तर त्याच तक्त्यात हवे. गोठ्यात दोन म्हशी असलेला माणूस आधी विचारतो, "जनावरं कुठं बांधायची? वैरण कोण देणार?" छावणीची जागा आणि चाऱ्याची सोय आधी सांगितली, तर तो पहिल्या हाकेला निघतो.

आपल्या अंकात रोज पाणीपातळीची चौकट असते. तिच्याशेजारी उद्याची अंदाजित पातळी आणि त्या पातळीला पाण्याखाली जाणाऱ्या भागांची नावे छापावीत, ही विनंती. पाटबंधारे विभाग आणि महापालिकेकडे ही माहिती आपण मागितलीत, तर ती लवकर मिळेल.

एक वाचक, सांगली