अर्थसंकल्पाला हक्कांची फूटपट्टी

अर्थसंकल्प हा केवळ तज्ज्ञांचा विषय आहे, असे सुचवणारा आपला अग्रलेख वाचला. ते मत पटले नाही. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांविषयीच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या कलमानुसार, आरोग्य, शिक्षण, अन्न आदी हक्कांच्या क्रमशः पूर्ततेसाठी उपलब्ध साधनसंपत्तीचा कमाल वापर करण्यास सदस्य राष्ट्रे बांधील आहेत. त्यामुळे ‘निधी नाही’ एवढे उत्तर पुरत नाही. तो कोठे वळवला, हेही सरकारने दाखवायला हवे. (मंजूर तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांतील तफावत तर वजाबाकी येणाऱ्या कोणालाही तपासता येते.) हे आकडे नव्या अर्थसंकल्पाला सभागृहाची मंजुरी मिळण्यापूर्वीच सोप्या भाषेत वंचित वस्त्यांपर्यंत पोहोचवावेत, म्हणजे तेथील रहिवाशांना सवलतीचे अर्ज करत बसण्याऐवजी हक्काने हिशेब मागता येईल.

– एक वाचक