ओवा नको, बाबा

प्रिय आई, बाबा,

आधी सांगून टाकते, म्हणजे फोनवरची बोलणी वाचतील. तुमच्या युरोपच्या ट्रिपचा विमा मी काल काढला. पैसेही भरले. बाबा, तुमच्या एजंटाला नको म्हणून कळवा.

एजंटाची स्वस्त पॉलिसी पुरेल, हे तुमचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाला, 30,000 युरोंचं संरक्षण लागतं, ते त्या पॉलिसीत होतं. पण त्या माणसाने जुन्या आजारांपुढे सरळ ‘नाही’ लिहिलं होतं. 2019 ची अँजिओप्लास्टी नाही? आईची साखर नाही? तिकडच्या डॉक्टरला गोळ्यांच्या पाकिटावरूनच कळेल, आणि मग कंपनी क्लेम नाकारायला मोकळी!

मी सगळं खरं लिहिलं, रक्कमही एक लाख डॉलर घेतली. प्रीमियम तिप्पट झाला, कबूल. एवढं करून जुन्या आजाराचे पैसे जिवावर बेतलं तरच मिळतात, साध्या तपासणीचे नाहीत. बिलातले पहिले 100 डॉलर तर आपणच भरायचे. तुम्ही म्हणाल, मग कशाला? कोजागरीच्या रात्री ‘गॅस झालाय’ म्हणत ओवा चावत बसला होतात, म्हणून.

आई, पॉलिसीचं चौथं पान वाचू नकोस. परत आणण्याबद्दल काहीबाही लिहिलंय. व्हिसाच्या नियमात ते लागतंच, तरुण पोरांच्या पॉलिसीतही असतं.

मी बरोबर येत असते तर एवढा कीस पाडला नसता. रजा मिळाली नाही हे खरं, मागितली उशिरा हेही खरं.

जेवणाची काळजी नको, रात्री टूरवाले वरणभात देणार आहेत. सकाळी मात्र ब्रेडच, तेव्हा मेतकूट घे. छोटी किटली कुरियरने पाठवलीय, खोलीत आपला चहा करता येईल. गुडघ्याचा पट्टा विमानातच लाव. लाज कसली?

बाबा, गोळ्या केबिन बॅगेत, चार दिवसांच्या जास्तीच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. स्वित्झर्लंडमधलं ते बर्फाचं युंगफ्राउयोख 3,454 मीटर उंचीवर आहे. जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचाराच. नको म्हणाले तर खाली कॉफी पीत बसा, बर्फाचे फोटो आई काढेल. छातीत जरा काही वाटलं तर ओवा नाही, 112 लावायचा. मग विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवायचं, तेही लगेच. म्हणजे हॉस्पिटलचं बिल ते परस्पर बघतात. बिलं, रिपोर्ट, काही टाकायचं नाही. आणि ‘चिमीला कशाला काळजी’ असं म्हणून मला अंधारात ठेवायचं नाही, मागच्यासारखं.

चौथीच्या सहलीला बाबांनी माझ्या फ्रॉकच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी घालून वर सेफ्टीपिन लावली होती. मैत्रिणी हसल्या म्हणून मी ती बसमध्येच काढून टाकली. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

सोबत दोन चिठ्ठ्या आहेत. पॉलिसी नंबर, मदत क्रमांक, गोळ्यांची नावं, रक्तगट, माझा फोन. लॅमिनेट करून घेतल्यात. एक आईच्या पर्समध्ये, एक बाबांच्या शर्टाच्या खिशात. सूटकेसमध्ये नाही, बाबा. शर्टाच्या खिशात. रोज शर्ट बदलाल तेव्हा तीही नव्या शर्टात घालायची.

तुमची,
चिमी