शेवाळाच्या विजेचा हिशेब

‘शेततळ्यातील शेवाळापासून गावापुरती वीज’ हा लेख वाचला. कल्पना मोहक आहे, पण हिशेब जुळत नाही. उघड्या तळ्यातले पाणी गर्द हिरवे दिसले, तरी हजार लिटरमागे सुके शेवाळ जेमतेम अर्धा-एक किलो निघते. ते गाळायचे, वाळवायचे, तेल काढायचे आणि जनरेटरमध्ये जाळायचे. तिथेही निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेत जाते. अमेरिकी सरकारने १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षे यावर संशोधन केले. पण शेवाळाच्या तेलाला खनिज तेलाच्या किमतीशी बरोबरी साधता आली नाही. सौर पॅनेल मात्र उन्हाचा सुमारे पाचवा हिस्सा थेट विजेत बदलते. तेव्हा शेतकऱ्याला या खर्चात पाडू नये. गावाचे सांडपाणी शुद्ध करण्यासाठी शेवाळ जरूर वाढवावे, उरलेला गाळ बायोगॅस संयंत्रात घालावा.

– एक वाचक, नाशिक