अ‍ॅनिमेच्या संगीतावर कोणी लिहील का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जपानी अ‍ॅनिमेच्या (म्हणजे तिथल्या चलच्चित्रपट आणि मालिकांच्या) वाढत्या लोकप्रियतेवर आलेला लेख मी दोनदा वाचला. चित्रांची शैली, कथानकांची लांबी, तिकीट खिडकीवरची गर्दी, मुलांचे पोशाख असे सगळे त्यात आले होते आणि तेही आपुलकीने आले होते. मात्र पानभर लेखात संगीताविषयी एक ओळही नव्हती, एकाही संगीतकाराचे नाव नव्हते. त्याच लेखात, या मालिकांवर तरुण मुले तासन्‌तास जे भाष्य ऐकतात आणि स्वतःही करतात, ते वेळ वाया घालवणे आहे, असा सूर लावला होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असे मला वाटते, म्हणून हे पत्र.

मी मिरजेत तीसेक वर्षे गायन आणि पेटी शिकवते. अ‍ॅनिमेशी माझी ओळख अडीच-तीन वर्षांपूर्वी झाली, तीही वर्गातच. तेव्हा नववीत असलेला एक मुलगा वेळेआधी येऊन पेटीवर काहीतरी वाजवत बसला होता. उजव्या हाताच्या तीन-चार बोटांनी एकदम पट्ट्या दाबायच्या, सूर विरत आला की भाता अगदी हलका हलवायचा आणि मग पुढच्या सुरावर जायचे, असे चालले होते. पेटीवर असे वाजवू नये म्हणून मी मुलांना नेहमी रागावते, पण त्या दिवशी दारातच थांबले. "हे कोणाचे?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "बाई, जो हिसाइशी." हे जपानी चित्रपटांचे संगीतकार. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या २००१ सालच्या 'स्पिरिटेड अवे' या चित्रपटाच्या सुरुवातीला एक लहान मुलगी गाडीच्या मागच्या आसनावर फुलांचा गुच्छ घेऊन रुसून पडलेली असते, तिचे घर आणि शाळा सुटलेली असते, आणि त्यावर पियानोची ही धून वाजते. त्या मुलाने मला मोबाईलवर ते दृश्य दाखवले. मुलीच्या चेहऱ्यावर फारसे काही नाही. तिच्या मनात काय तुटले आहे ते पियानो सांगतो.

हिसाइशी यांची कामाची पद्धत समजून घेतली, तेव्हा मला आणखी आश्चर्य वाटले. आपल्याकडे पार्श्वसंगीत म्हणजे चित्रपट तयार झाल्यावर शेवटी घालायची गोष्ट, असा समज आहे. मियाझाकी यांच्या 'नौसिका'साठी मात्र हिसाइशी यांनी कथेच्या कल्पनेवरूनच एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका केली आणि ती १९८३ मध्ये, म्हणजे चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वी, प्रसिद्धही झाली. जपानमध्ये तिला 'इमेज अल्बम' म्हणतात. दूरचित्रवाणीवरच्या मालिकांची रीत वेगळी आहे. तिथे ध्वनिदिग्दर्शक आधी कोणकोणत्या भावांचे तुकडे हवेत याची यादी देतो, संगीतकार ते सगळे एकदम ध्वनिमुद्रित करून देतो, आणि पुढे भागामागून भागात कोणता तुकडा कुठे बसवायचा हे ध्वनिदिग्दर्शक ठरवतो. म्हणून एखादी धून पहिल्या भागात आली आणि नंतर विसाव्या भागात पुन्हा आली, तर ती तिथे कोणीतरी विचार करून ठेवलेली असते. एखादा मुलगा जेव्हा सांगतो की ही धून आधी आईच्या प्रसंगात होती आणि आता शत्रूच्या मृत्यूच्या वेळी आली आहे, तेव्हा तो वेळ वाया घालवत नसतो. तो लक्ष देऊन ऐकत असतो, आणि वर्गात नेमकी हीच सवय लावण्यासाठी मी वर्षानुवर्षे घसा कोरडा करते.

संगीत बदलले की चित्रपट बदलतो, याची दोन उदाहरणे आपल्या वाचकांपुढे ठेवते. 'कॅसल इन द स्काय' हा १९८६ चा चित्रपट दोन तासांहून थोडा मोठा आहे आणि त्याच्या मूळ जपानी आवृत्तीत संगीत साधारण एक तासाचे आहे. उरलेल्या वेळात वारा, यंत्रांची घरघर, पावलांचे आवाज आणि निव्वळ शांतता आहे. पुढे इंग्रजी आवृत्ती करताना, अमेरिकेतल्या प्रेक्षकाला एवढी शांतता मानवणार नाही असे ठरले, आणि हिसाइशी यांच्याकडूनच मोठ्या वाद्यवृंदासह संगीत नव्याने करून घेऊन ते सुमारे दीड तासाचे करण्यात आले. संगीतकार तोच, मूळ धुनाही त्याच, पण जिथे मुले निमूट उभी राहून ढगांकडे पाहत होती तिथे आता वाद्यवृंद बोलू लागला. चाहत्यांमध्ये यावरून आजही दोन तट आहेत. मी दोन्ही आवृत्त्या ऐकल्या आणि माझे मत मूळ आवृत्तीच्या बाजूचे झाले. दोन आवर्तनांच्या मध्ये गवई थांबतो, तेव्हा तंबोरा चालूच असतो. त्या थांबण्यात जे ऐकू येते ते भरून काढण्याची गरज नसते.

दुसरे उदाहरण मामोरू ओशी यांच्या १९९५ च्या 'घोस्ट इन द शेल'चे. संगीतकार केन्जी कावाई यांना त्यासाठी बल्गेरियातल्या स्त्रियांच्या लोकगायनासारखा स्वरमेळ हवा होता. अखेर त्यांनी जपानी लोकगीते गाणाऱ्या स्त्रियांकडून प्राचीन जपानी भाषेत, लग्नप्रसंगीच्या गीताच्या धर्तीवर तो गाऊन घेतला. हे गीत चित्रपटात तीन टप्प्यांत येते. यंत्रमानवाचे शरीर घडत असताना पहिल्यांदा येते. मध्यावर जवळजवळ संवादच नसलेल्या काही मिनिटांत, पावसात भिजणाऱ्या शहरातून नायिका होडीने जात असताना दुसऱ्यांदा येते. दुकानाच्या काचेआड पुतळे उभे असतात, एका खिडकीत तिच्याच चेहऱ्याची दुसरी बाई बसलेली दिसते, आणि ढोलाचा एकच ठोका पडून विरत जातो. तिसऱ्यांदा ते अखेरच्या श्रेयनामावलीवर येते आणि तिथे ते पूर्ण होते. परदेशात वितरित झालेल्या इंग्रजी आवृत्तीत या अखेरच्या जागी एका पाश्चात्त्य बँडचे भलतेच गाणे घातले गेले. लग्नाचे गीत दोन टप्प्यांवर तोडले गेले, आणि ती आवृत्ती पाहणाऱ्या कितीतरी जणांना काही तुटले आहे याचा पत्ताही लागला नसेल.

हे सगळे मला ज्या मुलांनी दाखवले, त्यांची भाष्यकारांबद्दल मोठी तक्रार आहे. वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बाई, सगळे जण म्युझिक भारी आहे म्हणतात, पण का भारी आहे ते कोणीच सांगत नाही." मी तिच्या सांगण्यावरून काही व्हिडिओ पाहिले आणि मला तिचे म्हणणे पटले. कथानकाची चिरफाड वीस मिनिटे, चित्रांची दहा मिनिटे आणि संगीताला एक वाक्य. जिथे संगीत हाच विषय होता, तिथे बहुधा सर्वोत्तम दहा शीर्षकगीतांची क्रमवारी होती आणि खाली त्या क्रमवारीवरून भांडणे होती.

यात भाष्यकारांचा सगळा दोष नाही, हे मात्र मला लवकरच कळले. चित्रावर बोलताना चित्र दिसत राहते, बोलणाऱ्याचा आवाज त्याला झाकत नाही. संगीत आणि बोलणे यांना मात्र एकच कान लागतो. एकाने तोंड उघडले की दुसऱ्याला मागे सरावे लागते. जपानमध्ये अ‍ॅनिमेच्या डिस्कवर दिग्दर्शक आणि आवाज देणारे कलाकार यांच्या गप्पांची स्वतंत्र ध्वनिपट्टी अनेकदा दिलेली असते. त्या गप्पा रंजक असतात, पण मूळ संगीत त्यांच्याखाली दबून जाते. यूट्यूबवरच्यांची अडचण आणखी मोठी. मूळ संगीताचा तुकडा वाजवला की तिथली यंत्रणा तो आपोआप ओळखते, हक्कधारकांचा दावा येतो, आणि मग व्हिडिओ अडवला जातो किंवा त्याची कमाई दुसरीकडे वळते. त्यामुळे बहुतेक जण संगीत काढून टाकतात आणि मुक्या दृश्यावर बोलत राहतात. ज्याबद्दल बोलायचे तेच ऐकवता येत नाही, तेव्हा माणूस हळूहळू त्याबद्दल बोलणेच सोडून देतो.

छापील शब्दाला यातली कोणतीही अडचण नाही. वर्तमानपत्र आवाज करत नाही. वाचक लेख वाचतो, मग शांतपणे ते संगीत लावतो आणि सांगितलेली जागा स्वतः ऐकतो. संगीत नाटकांच्या काळापासून मराठी वाचकाने गाण्याबद्दल असेच वाचले आहे. कोणत्या पदाला कोणती चाल दिली, गायकाने कोणत्या जागेवर काय केले, यावर आपल्या वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने छापले आणि ध्वनिमुद्रिका घरात नसलेल्या लोकांनी ते आवडीने वाचले. म्हणजे ऐकण्याबद्दल लिहिण्याची भाषा आपल्याकडे तयार आहे.

ही भाषा जपानी संगीतालाही लागू पडते, असा माझा अनुभव आहे. जपानी संगीतात 'योनानुकी' नावाची स्वररचना आहे. शब्दाचा अर्थच चौथा आणि सातवा सूर वगळलेली असा होतो. मध्यम-निषाद वर्ज्य म्हटल्यावर माझे विद्यार्थी एका आवाजात "भूप!" म्हणाले. त्यांच्या पारंपरिक संगीतातल्या एका पाच सुरांच्या मांडणीत षड्ज, कोमल रिषभ, शुद्ध मध्यम, पंचम आणि कोमल धैवत येतात; ते सूर आपल्या गुणक्री रागाचे. राग म्हणजे नुसते सूर नव्हेत, चलन (सुरांची चाल) आणि न्यास (थांबण्याचा सूर) वेगळे असले की सगळेच वेगळे होते, हे मी त्यांना लगेच बजावले. पण ओळखीचा एक धागा हाती लागल्यावर मुले जे ऐकू लागली, ते आधी ऐकत नव्हती. काही जण म्हणतात की एवढे उकलून सांगितले की मजा जाते. मला हे मान्य नाही. मारवा रागात षड्जाला टाळत राहिल्यामुळे हुरहूर लागते हे ज्याला कळले, त्याची हुरहूर कमी झालेली मी तरी पाहिलेली नाही.

आणि हा विषय आपल्यापासून फार दूरचाही नाही. भारत आणि जपान यांनी मिळून केलेल्या, युगो साको आणि राम मोहन यांच्या 'रामायण: द लिजंड ऑफ प्रिन्स राम' या अ‍ॅनिमेचे संगीत मुंबईच्या वनराज भाटियांचे होते आणि त्यातली संस्कृत गीते लिहिली होती वसंत देव यांनी, ज्यांनी मराठी नाटके हिंदीत नेली. २४ जानेवारी २०२५ रोजी हा चित्रपट नव्याने भारतातल्या चित्रपटगृहांत आला, तेव्हा वनराजजी हयात नव्हते. जपानी चित्रकारांच्या रामाला एका भारतीय संगीतकाराने कसा आवाज दिला, यावर मराठीत सविस्तर लेख यायला हवा होता. माझ्या वाचनात तो आला नाही. दूरदर्शनवरचा मोगली तर घराघरांत होता. १९८९ च्या त्या जपानी मालिकेला हिंदीत गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाज यांची चाल मिळाली, शेरखानला आपल्या नाना पाटेकरांचा आवाज मिळाला. ते शीर्षकगीत एका पिढीला आजही तोंडपाठ आहे, पण त्या जागी मूळचे एक वेगळे जपानी गाणे होते हे किती जणांना ठाऊक असेल?

एक अनुभव सांगितल्याशिवाय राहवत नाही. १२ सप्टेंबर २०२५ रोजी 'डेमन स्लेयर' या जपानी मालिकेवरचा 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट भारतात प्रदर्शित झाला. त्याला युकी काजिउरा आणि गो शीना यांचे संगीत आहे. याच जोडीचे संगीत असलेल्या पहिल्या मालिकेचा एकोणिसावा भाग २०१९ मध्ये गाजला, तो त्यातल्या शेवटच्या गाण्यामुळे. लढाईच्या ऐन टोकाला सगळा कल्लोळ बाजूला सारून एका स्त्रीचा आवाज येतो आणि त्यावरच श्रेयनामे सरकू लागतात. म्हणून हा चित्रपट मोठ्या पडद्यावर ऐकायचाच, असे ठरवून मी काही विद्यार्थ्यांबरोबर पुण्याला गेले. श्रेयनामावली सुरू होताच चित्रपटगृहातले सगळे दिवे लागले, दारे उघडली गेली, आणि झाडू घेतलेले दोन कर्मचारी खाली येऊन आम्हाला उठण्याच्या खुणा करू लागले. त्यांना पुढच्या खेळाची घाई होती, त्यांच्यावर माझा राग नाही. पण आमच्या रांगेतली आणि पुढच्या दोन-तीन रांगांतली मुले जागची हलली नाहीत. लख्ख उजेडात, खुर्च्यांखाली झाडू फिरत असताना, ती गाणे संपेपर्यंत पडद्यावरची जपानी नावे पाहत बसून राहिली.

त्या मुलांसाठी माझी आपल्याला विनंती आहे. अ‍ॅनिमेचे परीक्षण छापताना दिग्दर्शकाच्या नावाशेजारी संगीतकाराचे नाव छापावे आणि संगीताबद्दल निदान एक परिच्छेद असावा. अधूनमधून एखाद्या गायकाला, वादकाला किंवा ध्वनिमुद्रण करणाऱ्या जाणत्या माणसाला एकाच धुनेवर लिहायला सांगावे. ज्या मुलांना आपण उडाणटप्पू समजतो, त्यांचीही पत्रे मागवावीत.

माझ्या त्या विद्यार्थ्याने, जो आता अकरावीत आहे, दोनशे पानी वही केली आहे. तिच्यात भाग, मिनिट, वाद्य आणि 'आधी कुठे ऐकले' असे चार रकाने आहेत. त्याच्या परवानगीने एका पानाची छायाप्रत सोबत जोडली आहे. शेवटच्या रकान्यात एके ठिकाणी त्याने पेन्सिलीने लिहिले आहे : "इथे काहीच वाजत नाही. पुन्हा ऐकणे."

आपली,
एक संगीत शिक्षिका, मिरज